आनंदाचं ताट

२५ एप्रिल २०२५, भेस्तान

आलो एकदाचा सुरतेला! पॅसेंजरनं हाडं खिळखिळी केली, पण खोली बघून जीव हरखला. वरचा मजला, नवा पंखा, खाली लूमचा खडखडाट आणि टेबलावर अकरा जुन्या टेपा. अमळनेरला माझ्या साउंडच्या दुकानाला कुत्रं विचारत नव्हतं. इथं सागरभाऊंनी काम दिलंय. त्यांचे आजोबा आनंदा लूम चालवायचे आणि ‘गिरणा पार्टी’त गायचे. शहात्तर ते अठ्ठ्याहत्तर, दोनच लग्नसराया टिकली ती पार्टी. मग आनंदा काविळीनं गेले, ढोलकीवाला आणि बेंजोवाला गावाकडे गेले, खेळ खल्लास. उरलं काय, तर चलथाण-पलसाण्याच्या मांडवांत कुणी टेप केलेली गाणी, आणि मुंबईच्या कंपनीला पाठवायला म्हणून भिंतींना गोधड्या टांगून केलेलं एक रेकॉर्डिंग. ते पाठवायचं राहूनच गेलं. मी हे सगळं साफसूफ करून कॉम्प्युटरवर उतरवायचं.

चिमीला फोन केला. सहा वर्षांची पोर, पण जीभ तिच्या आजीची. म्हणे, पप्पा, तुझा आवाज फोनमध्येपण फाटकाच येतो. खरंय बाई. मी गायला लागलो तर कावळे उडतील.

२८ एप्रिल

चाळ रिकामी झाली. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळा खानदेश घरी पळतो. सागरभाऊही बायकापोरांना घेऊन गेले. मला जाता येत नाही, टेपचं मशीन मागून आणलंय, पाच तारखेला परत द्यायचंय. चिमी रुसून बसलीय. चाळीत उरलो मी आणि आनंदाची म्हातारी, उषाबाई. तिचे गुडघे गेलेत. भाकरी आणून देते, ‘टेपवाला भाऊ’ म्हणते. चार दिवसांत इथं कुणी माझं नावसुद्धा विचारलं नाही.

दिवसभर सोबत म्हणजे आनंदाचा आवाज. काय गळा होता हो! साखरेचा पाकच. दोन गाण्यांच्या मधे तो हसतो, कुणाकडे तरी पाणी मागतो. काल मी त्याला ‘आणतो’ म्हणालो. माणूस एकटा पडला की असली येडेपणाची कामं करतो.

३० एप्रिल, अखाजी

उषाबाईनं विचारलं, पित्तर बसशील का? आनंदाच्या जागी दरवर्षी चाळीतला कुणीतरी जेवायला बसतो, यंदा कुणीच नाही. पुरणपोळी आणि आमरसाचा वास सुटलेला, नाही कशाला म्हणतोय! तिनं नियम सांगितला. ताटावर बसला की तो माणूस आनंदा. जेवण झालं की जिनं बसवलं तिनंच त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारून उठवायचं. तोवर उठायचं नाही.

तिनं माझे पाय धुतले, टिळा लावला. नवऱ्याचं नाव घेत नाही ती. म्हणाली, बठा, जेवी ल्या. आणि रडायला लागली. कितीतरी दिवसांनी कुणी समोर बसून मला वाढत होतं.

अर्ध्या ताटावर चिमीचा फोन वाजला. दोन दिवसांपासून रुसलेली पोर! मी उठलोच. उषाबाई हात पुढे करून, तोंड उघडून तशीच राहिली. हाक मारायची होती तिला. पण कोणत्या नावानं मारणार? ते तिला ठाऊकच नव्हतं.

१ मे

गोधडीवालं रेकॉर्डिंग लावलं. ढोलकी आहे, बेंजो आहे. आवाज नाही. हेड पुसलं, वायरी बदलल्या. अकराही टेपा तपासल्या. कॉम्प्युटरवर उतरवलेल्यांतूनही तो गेलाय. हसणं गेलं, पाणी मागणं गेलं. फक्त साज वाजतो, आणि त्याच्या मधोमध गाणाऱ्याइतकी जागा रिकामी.

२ मे

दुपारी फोनवर चिमी म्हणाली, पप्पा, आज तू गोड बोलतोस, गाणं म्हण ना. मी म्हटलं. अख्खं. चौथ्या टेपमधलं. मला ते येत नाही! माझी बायको ज्योती आधी हसली. मग विचारत राहिली, तिकडे कोण आहे, कोण आहे तुमच्याजवळ —

३ मे

उषाबाईकडे गेलो. मला उठव, नावानं हाक मार, एवढंच सांगायचं होतं. स्वतःचं नाव सांगायला तोंड उघडलं, बाहेर आलं ‘आनंदा’. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. मग पाणी आणून दिलं. मी मागितलं होतं म्हणे.

नाव कागदावर लिहून दिलं. ती वाचत नाही. आम्ही दोघंही अंगठेवाले, म्हणाली. लाजली. सत्तरी उलटलेली बाई, लाजली.

४ मे

ज्योतीला मेसेज केला, व्हिडिओ कॉल कर, म्हातारीला माझं नाव सांग, बाकी काही विचारू नको. फोन उषाबाईसमोर धरला. चिमीनं मला पाहिलं, मी ‘बेटा’ म्हणालो आणि ती किंचाळली. पप्पाच्या तोंडातून दुसरा माणूस बोलतो, म्हणाली. आईच्या मागे लपली. माझी पोर मला भ्याली.

ज्योतीनं ओरडून सांगितलं, कुंदन, त्यांचं नाव कुंदन आहे! तीनदा. उषाबाईनं नीट ऐकलं. माझ्याकडे बघत राहिली. मग फोन उलटा ठेवला आणि म्हणाली, सत्तेचाळीस वर्षं एकटीनं काढली, आता नाही.

ताट वाढायला गेली. तिला नाव कळलंय. ती हाक मारणार नाही.

५ मे

ज्योती चिमीला घेऊन निघालीय. सकाळी मेसेज आला, तेव्हा वाचता आला. आता उत्तर लिहिता येईना, बटणांवरची अक्षरं — ओळखू येत नाहीत. वहीत हात अजून चालतो. ‘ज्ञ’ कसा काढतात? त्याला लिहिता येत नव्हतं. घाई करायला हवी.

चिमे, दार उघडेल तो मी नव्हे. गोड गाईल. जवळ जाऊ नको. त्याला पप्पा म्हणू नको, तू म्हणालीस की तो ओ दे