नीलूला कणखर करायचं आहे म्हणे

दुबई, ३ मे १९६४
चिरंजीव शरदरावांनी चहा पिता पिता निर्णय सांगितला. नीलू जूनपासून पाचगणीला, नन्सच्या बोर्डिंगमध्ये. वय वर्षं आठ. "फार लाडावलीय, आई. थोडे हाल सोसले की कणखर होईल. तुझ्यासारखी." माझ्यासारखी! सून मालती मुकाट्यानं पाव कापत बसली. मी चहा तसाच टाकून उठले.

५ मे
शाळेला प्रत्येक कपड्यावर मुलीचा नंबर शिवून हवाय. काम माझ्याकडे, कारण मला 'अनुभव' आहे. आहेच. अशाच बोर्डिंगात सात वर्षं मी एकोणीस नंबर होते. तापानं फणफणले होते तेव्हा सिस्टर म्हणाली, "नाइन्टीन, डोन्ट फस." नंबरांची फीत मालतीच्या मांडीवर टाकली. तुझी मुलगी, तू शिव. तिनं डोळे पुसले आणि सुई ओवली. शरदला मात्र चकार शब्द नाही. तिचाही राग आला.

६ मे
शेजारच्या हमीदाबी, रत्नागिरीकडच्या. गाढवावरून पाणी आलं तेव्हा दारात भेटल्या. "टीचरबाई, पाणीवाल्याला रोज झाडता, मग पोटच्या पोराला का घाबरता?"
घाबरते? मी? म्हणजे...

८ मे, शुक्रवार
श.ला सुट्टी. आब्र्यातून, म्हणजे इथल्या होडीतून, खाडीपलीकडे देऱ्याला गेलो. घरी आल्यावर पाहते तर नीलूचा मोजा रक्तानं कडक झालेला. सकाळीच धक्क्याच्या पायरीवर घसरली होती. दिवसभर तशीच चालली.
"सांगितलं का नाहीस?"
"बिग गर्ल्स डोन्ट फस, आजी. पप्पा सेड आय मस्ट प्रॅक्टिस."
श. खूष. "बघ, जमायला लागलं!" हातातली आयोडिनची बाटली त्याला फेकून मारणार होते.

९ मे
डोकं अजून तापलेलं.
हालांनी मला काहीच दिलं नाही असं नाही. 'हे' गेले त्याच आठवड्यात वर्गात उभी राहिले. पण सोबतीला आलेल्या सख्ख्या बहिणीला "मी ठीक आहे, तू जा" म्हटलं, आणि ती गेली. ते बळ बोर्डिंगचं. साठीनंतर या भट्टीत येऊन बाजार शिकले, भांडायला शिकले, ते बळ निराळं. चक्कर येऊन पडले तेव्हा उचलायला मालती होती, हमीदाबी होत्या. इतकी वर्षं दोन्ही बळांना एकच समजत होते. आणि म्हणे हेडमिस्ट्रेस!

११ मे
नीलूची पट्टी बदलली.
"दुखतंय?"
"नो."
"आजीशी खोटं?"
"...अ लॉट."
"मग ओरड." ओरडली. "हे ओरडणं? मांजर बरं!" मग असा गळा काढला की हमीदाबी डाव घेऊन धावत आल्या, "या अल्ला, कोन मेला?" नीलू रडता रडता हसायला लागली. तेवढ्यात श. जेवायला आला.
"आई, काय चाललंय?"
"प्रॅक्टिस."
श. मान खाली घालून भराभर जेवला. मालतीनं मात्र मला दुसऱ्यांदा आमटी वाढली, न विचारता.

१२ मे
सकाळी श.ला अडवलं. "नीलू जाणार नाही."
"जागा पक्की केलीय, आई. आता खलास."
"पक्की केलेली सोडता येते."
"तुझं काय वाईट झालं तिथं?"
"तेच तर तुला कधी सांगितलं नाही."
दारातून मागे वळला. मग हळूच, "तुला तिथं रडू यायचं?" चौतीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं कार्ट्यानं.
"बस," म्हटलं. बसला. बाहेर ऑफिसची जीप हॉर्नवर हॉर्न देत होती. पहिल्या दिवसापासून सांगायला घेतलं. निम्म्यावर आले तेव्हा त्याला उठावंच लागलं. "उरलेलं संध्याकाळी," म्हणाला.
जागा ठेवणार की सोडणार, बोलला नाही. मीही विचारलं नाही. आधी सगळं ऐकू दे.