डावा मुंढा एक बोट खाली

दि. ४ मार्च, बुधवार
दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दुकान जेवणाच्या सुट्टीसाठी बंद आहे आणि मी माळ्यावर खोक्यांमध्ये स्टुलावर बसून एक माहितीपत्रक तपासतो आहे. शिक्षण नववीपर्यंतच असले तरी माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाहीत, म्हणून मालकांनी ते माझ्याकडे दिले. सात चुका सापडल्या. आठवी शुद्धलेखनाची नाही.

पत्रकात बायकांच्या आतल्या कपड्यांचा इतिहास आहे. आधी म्हणे बायका छातीला कापडाची पट्टी गुंडाळत. मग काड्या घातलेला घट्ट पिंजरा आला, त्यात जीव गुदमरे. मग इलॅस्टिक आले, पाठीमागे हूक आले. आणि मग आले आमच्या मालकांचे चिरंजीव! त्यांनी प्रदीर्घ संशोधन करून पुढून बटणांची, पाठीवर फुलीसारख्या पट्ट्यांची, आतून खिसा असलेली बॉडी शोधून काढली. डब्यावर परदेशी नाव छापले आहे, ते मालकांनाही धड म्हणता येत नाही.

आत्या, ती बॉडी तुझी आहे. ऑपरेशननंतर आईचा हात मागे जाईना, तेव्हा तू ती बेतलीस. रिकाम्या बाजूला कापसाची गादी बसावी म्हणून खिसा तू केलास. अकरा वर्षे तू या दुकानाला गठ्ठे पाठवते आहेस. मी मालकांना तसे बोललो. ते हसून म्हणाले, वहीत दाखव. मी साऱ्या वह्या काढल्या. सगळीकडे एकच शब्द, किरकोळ. आधी जुन्या कारकुनाच्या अक्षरात, आणि गेली चार वर्षे माझ्या स्वच्छ अक्षरात. वहीत रुमालाला नाव आहे, टाचणीलाही आहे, तुझ्या कामाला नाही!

पुढच्या महिन्यापासून तुझा गठ्ठा नको, असेही मला कळवायला सांगितले आहे. ते कळवले. आता मी काय करू, ते तू कळव. तोवर घास घशाखाली उतरणार नाही.

तुझा संतापलेला,
भाचा

दि. ७ मार्च

चि. काटेकोरशास्त्री यास,
अ. उ. आ.

आधी जेव. उपाशी पोटी कुणाचा कान धरता येत नाही.

किरकोळ लिहा, असं मीच दुकानात सांगितलं होतं, तेव्हा त्याचं खापर तू स्वतःवर फोडू नकोस. बिल हमालाच्या हाती जायचं. तो ते मोठ्यानं वाचायचा आणि सगळं दुकान फिदीफिदी हसायचं. मला लाज वाटली. आता त्या लाजेचीच लाज वाटते. आपणच आपल्या मालाचं नाव दडवलं, मग दुसऱ्यानं त्यावर आपलं छापलं तर बोंब कुणाच्या नावानं मारायची?

नाव मात्र होतं. तुझी आई पहिल्यांदा ती एकटीनं घालून आरशासमोर उभी राहिली आणि मला म्हणाली, वन्सं, सुटका झाली. तोवर हूक लावायला तुझ्या बाबांना हाक मारावी लागे, आणि ते बिचारे डोळे मिटून लावायचे, ते नेमके चुकीच्या आकड्यात! तेव्हापासून माझी गिऱ्हाइकं तिला सुटकाच म्हणतात, पण कानात.

मी सोडून देणार होते. तुझ्या पगारापुढं माझं नाव काय मोठं लागून गेलंय! पण काल ते जुनं कागदी माप हातात आलं आणि माझं डोकं फिरलं. ऑपरेशननंतर तुझ्या आईचा डावा खांदा उतरला होता, म्हणून त्या मापात डावा मुंढा, म्हणजे हात घालायची गोलाई, एक बोट खाली आहे. पुढं विकायच्या मालात दोन्ही बाजू सारख्या करायला हव्या होत्या. वहिनी गेली, आणि त्या कागदाला कात्री लावायचा मला धीर झाला नाही. चूक ती चूकच, पण कुणी तक्रार केली नाही.

त्या संशोधकानं स्वतः बेतलं असेल तर त्याचे मुंढे सारखे असतील. नसतील, तर तो मेला माझ्या वहिनीचं अंग डब्यात भरून विकतो आहे! मोजून बघ. नोकरीचं तुझं तू ठरव, त्यात मी बोलणार नाही.

माया आहेच, रागासकट.
तुझी आत्या

दि. १२ मार्च, गुरुवार
संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटे, घरी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बारा डबे मोजले. बाराही डावे मुंढे एक बोट खाली.

मी हे सकाळी गल्ल्यासमोर, गिऱ्हाइकांदेखत केले. टेप सरळ धरली. चिरंजीवांना विचारले, की डावी बाजू खाली का? ते आधी म्हणाले, ही नवी फॅशन आहे. मग म्हणाले, मशीनची चूक. मी म्हणालो, ही माझ्या आईच्या खांद्याची खूण आहे.

तेवढ्यात आपल्या जुन्या गिऱ्हाईक मास्तरीणबाईंनी ती बॉडी हातात घेतली, डाव्या बाजूवरून बोट फिरवले, आणि वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, की ही तर सुटका आहे, माझ्या कपाटात चार पडल्या आहेत, आणि मालकांच्या या पोराला मिसरूड फुटायच्या आधीपासून मी त्या घालते आहे. हमालच काय, रस्त्यावरचा पानवालाही वळून पाहू लागला. बाईंनी तुझ्या हातच्या उरलेल्या दोन मागितल्या. मालक लालबुंद होऊन माझ्या कानाशी पुटपुटले, बिलात किरकोळ लिही आणि विषय संपव.

मी लिहिले: सुटका, नग दोन. बेतणारी, माझी आत्या.

त्यांनी बिलाचे चार तुकडे केले आणि मला पायरी उतरायला सांगितले. बाईंनी चारही तुकडे वेचून पर्समध्ये ठेवले. जाताना म्हणाल्या, यापुढे माल कुठे मिळेल ते कळव, शाळेत आम्ही नऊजणी आहोत.

माहितीपत्रक मी परत दिले नाही. माफ कर, पण मला अजून राग आवरत नाही आणि आवरावा असे वाटतही नाही. तू गठ्ठा बांध, मी न्यायला येतो. आजचा हिशेब खाली देतो.

खर्च: पावतीपुस्तक एक, पंचेचाळीस. टपाल, पाच.
मालकांकडून येणे: अकरा दिवसांचा पगार.
माझ्याकडून तुला देणे: चार वर्षांत माझ्या हाताने किरकोळ लिहिलेल्या सुटका, नग चारशे बारा. पैकी आज नावाने लिहिल्या दोन.
बाकी चारशे दहा.

तुझा,
भाचा