कानातला कापूस

आबा, माझ्या पोरीला, तुमच्या नातीला, ऐकू येत नाही असं मला वाटतंय. अजून कोणाला बोलले नाही. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तुम्ही कोणाला सांगणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. सातवीनंतर पेन धरला नव्हता, चुका होतील.

आठ महिन्यांची झाली ती. परवा डोस द्यायला नेलं तर नर्सबाईने तिच्या मागून टाळी वाजवली. ती वळलीच नाही. तेव्हापासून मी घरात तेच करतेय. मागून ताट आपटते. कुकरची शिट्टी झाली की भाजी सोडून तिच्या तोंडाकडे बघते. सासू म्हणते, "बापनं आरडनं पोटमाच ऐकेल शे तिनी, आते शिट्टीले काय घाबरी ती!" सगळे हसतात. मीपण हसते.

तिचा बाप तुमच्या ओळखीचाच आहे. तुमच्या बेंजो पार्टीत गाणं म्हणायचा ना, तोच. शहाद्याला एका हळदीत त्याने गळा फाडून असा आवाज काढला होता की बाया मांडवातून उठल्या. तुम्ही बेंजो थांबवून सगळ्यांसमोर म्हणालात, "भाऊ, लगीन शे हाई, मयत नही!" तो पोरगा आता माझा नवरा आहे आणि तो आवाज त्यांचा धंदा आहे. पुण्याला कंपनीत लागले, पगारातून गिटार घेतली, चौघांचा बँड केला. त्या गळा फाडून म्हणायच्या गाण्याला मेटल म्हणतात. केळीचे बाग आडवे करणाऱ्या वाऱ्यावर गाणं आहे त्यांचं, आपल्या अहिराणीत. पाच वर्षं कोणी विचारलं नाही. आता बंगलोरला बोलावतात. प्रत्येक प्रोग्रामला आधी माईकवर तुमचं ते मयतवालं वाक्य सांगतात, पोरं शिट्ट्या मारतात, मग हे तोच आवाज काढतात.

ह्या सोमवारी विमानाने बाहेर देशात चाललेत, पहिल्यांदाच. नर्सबाई कान तपासायला शनिवारी नंदुरबारला ये म्हणाली होती. मी मंगळवार मागून घेतला. पोरगी झाली तेव्हा हे बोलले होते, "हिना कान जरी दुखना ना, तं गिटार इकी टाकसू." आणि विकतील. तसेच आहेत ते. मग माझ्याकडे बघून आयुष्यभर गप्प बसतील.

वरात निघायच्या आधी तुम्ही खिशातून कापूस काढायचात. गाडीवरच्या सगळ्यांच्या कानात घालायला लावायचात. मी एकदा भोंग्यासमोर नाचत होते, तुम्ही पाठीत धपाटा घातला. "बॉक्सना मोरे उभी ऱ्हाऊ नको!" मी रडले, तर माझ्या कानात तुम्हीच बोटाने हळू कापूस बसवला. स्वतःच्या कानात कधी नाही घातलात. म्हणायचात, "मी कापूस घालसू तं सूर कसा समजी?" शेवटी शेवटी तर स्पीकरच्या बॉक्सवर तळहात ठेवून बघायचात, चालू आहे का बंद.

काल हे घरात वाजवत बसले होते. पोरगी रांगत बॉक्सकडे जाते, दोन्ही हात ठेवते, गाल टेकवते आणि खिदळते. हे ओरडतात, "देख व, मन्ही पहिली फॅन!" फोटो काढला, सगळ्यांना पाठवला. मी भाकरी टाकत होते, तव्यावर जळली. त्या फोटोत मला तुमचा हात दिसतो, आबा.

ही वही पिठाच्या डब्यामागे ठेवेन. त्यांच्या हाताला लागायला नको. बॅग भरून दाराशी ठेवलीय त्यांनी, दर तासाला पासपोर्ट काढून बघतात, आणि प्रत्येक वेळी मी सांगायला म्हणून उठते आणि पीठ मळायला बसते.

नर्सबाईने विचारलं, पोटात असताना मोठ्या आवाजात कुठे गेली होती का. मी नाही म्हटलं. गेले होते. सातव्या महिन्यात, पुण्याला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला नेलं होतं, एकदम पुढे उभी केली. घरच्या बोंडांचा कापूस मी नेला होता, घातलाही होता. मग हे माईकसमोर आले आणि तुमचं वाक्य सांगायला लागले. नुसते ओठ हलताना दिसत होते. तुमचं बोलणं आणि मलाच ऐकू येईना. मी कापूस काढला, आणि प्रोग्राम संपेपर्यंत परत घातला नाही. मला लय आवडत होतं. पोटात ती लाथा मारत होती. मला वाटलं, नाचतेय.