खालून करवत

३ ऑगस्ट
पोचले एकदाची नातीच्या बेटावर. बेट कसलं, तळ्यावर तरंगणारे लव्हाळ्याचे थरावर थर. पाय टाकला की गादीसारखं दबतं. मला तर मजाच वाटली. शेजारच्या बासिलियानं माशाचं गरम कालवण दिलं नि वर म्हणाली, म्हातारे, नाचू नकोस, भोक पडेल. नातीनं, निल्दानं, ही वही दिली. माझ्या दोनच इयत्ता झाल्यात; चुका बोचतील त्यानं वाचू नये.

आईबापामागं पोरीला मीच वाढवलं. तिनं या तळ्याच्या राखणीत जन्म घालवला. ना नवरा, ना घर. तिला घेऊनच जाणार आहे.

५ ऑगस्ट
शहरातलं घाण पाणी लव्हाळं गाळतं, म्हणून निल्दाच्या खात्यानं त्याची कापणी बंद केलीय. खालचा थर कुजतो, वर नवा पडत नाही. अंथरुणाला ओल आली. शेजारी तिच्यावर धुसफुसतात. ती म्हणते, आजी, लव्हाळ्यातल्या पक्ष्यांची पिल्लं उडू देत, मग कापणीचं बघू. पिल्लं उडतील, आपण बुडू.

बासिलियाचा नवरा एउसेबियो सांगत होता, इथं दोन घरांचं पटेना की लांब करवत घेतात, बेट मधोमध कापतात नि एक घर ढकलून देतात. म्हटलं, बरं आहे, कोर्टाचे हेलपाटे वाचले.

८ ऑगस्ट
आज निल्दाशी कडाक्याचं भांडले. या तळ्यानं तुला काय दिलं? सर्दी. ती आपली पाणी तपासायची नळी बुडवत बसली. मग तळ्यालाच शिव्या घातल्या, सगळ्यांदेखत. माझी पोर परत दे, मेल्या. बासिलियाचा चेहरा उतरला. म्हणाली, त्यानं ज्याला आपलं म्हटलं त्याला आम्ही परत मागत नाही. तळ्याची माफी म्हणून मला कोकाची पानं पाण्यात सोडायला लावली. पानं दगडासारखी बुडाली.

९ ऑगस्ट
जेवताना करवतीचा आवाज. खर्र, खर्र. एउसेबियोच असणार म्हणून काठी घेऊन गेले. तो जाळं शिवत होता. करवत भिंतीला, गंजलेली. आवाज चालूच. त्यानं जमिनीला कान लावला. खालून येतोय, म्हणाला.

विचारलं, कुणाचं भांडण? निल्दाशी तुमचं?

"आमचं नाही, म्हातारे. तुझं नि या तळ्याचं."

१० ऑगस्ट
चीर पडली. आमच्या झोपडीतच. माझं अंथरूण अलीकडं, तिचं पलीकडं. म्हटलं, उडी मार. ती म्हणते, बघ तरी, पाणी किती नितळ झालंय, तळ दिसतो.
मी पाहिलं. तळाशी — नाही लिहीत.

११ ऑगस्ट
शेजारी नावेतून गेले. मलाही ओढत होते. निल्दाशिवाय नाही, म्हटलं.
दोरी बांधलीय तिच्या कमरेला. दुसरं टोक माझ्या पायाला. खर्र थांबलं. वारा नाही, तरी तिचा तुकडा लांब चाललाय, दोरी ताणली —
हसते. म्हणते, "आजी, सोड."
का सोडू? मी वाढवली, मी तिला वाढ—