न सुटणाऱ्या लेबलाविषयी जावईबापूंना

श्री. जावईबापू यांस,

अनेक आशीर्वाद, आणि तुम्ही आता दोन मुलांचे बाप असल्यामुळे तितकाच आदर. मी इकडे खुशाल आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो स्वभावानेच कुरकुऱ्या आहे, त्याचं मनावर घेऊ नका. तुमची तब्येत, आमच्या कन्येची झोप, जुळ्यांचे दात आणि तुमच्या सासूबाईंची कंबर या चारही गोष्टींची मी रोज आठवण काढतो (शेवटच्या गोष्टीची जरा जास्त). पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नका, कुणाला काही झालेलं नाही. मोबाइलवर निरोप पाठवला असता, पण तुमचा मोबाइल जुळ्यांपैकी एकाच्या तोंडात असतो, तो तिथून काढून पुसते त्यांची आजी, आणि पुसता पुसता ती वाचतेही. हे पत्र तर निव्वळ कामाचं आहे, म्हणजे बाटल्यांसंबंधीचं.

लग्न ठरताना तुम्ही विचारलं होतंत, बाबा काय करतात? तेव्हा कन्येने "प्लास्टिकमध्ये आहेत" असं सांगून विषय बदलला होता. तुम्ही सभ्य, पुन्हा विचारलं नाहीत. तर आज सांगून टाकतो. लोकांनी फेकलेल्या बाटल्या धुऊन त्यांचा चुरा करायचा असा आमचा कारखाना आहे, आणि धुलाईचा मुकादम मी. बाटल्या पट्ट्यावरून येतात, सोळा बायका त्या निवडतात, मग यंत्र त्यांना कातरतं, आणि तो चुरा सोड्याच्या कढत पाण्यात घुसळून साध्या पाण्याच्या टाकीत सोडतात. तिथे बाटलीचा चुरा बुडतो आणि झाकणाचा तरंगतो. (कन्या पाच वर्षांची असताना हे मी तिला आंघोळीच्या बादलीत दाखवलं होतं आणि तिने टाळ्या वाजवल्या होत्या. तिला आठवतं का बघा. आठवत नसेल तर मला कळवू नका.) बुडालेल्या चुऱ्याचा पुढे धागा होतो आणि धाग्याचा कपडा. तुमचं ते निळं जाकीट एखाद्या वेळी माझ्या हाताखालून गेलेलं असेल. मागे भेटलात तेव्हा मी ते दोन बोटांनी चाचपत होतो ते यामुळे. तुमचा काही गैरसमज झाला असल्यास तो दूर व्हावा.

आता या साऱ्या कामात आडवं कोण येतं, तर लेबल. बाटली बिचारी कुठेही निमूट जाते, वितळ म्हटलं की वितळते. लेबलाचं तसं नाही. कागदाचं असलं तर त्याचा लगदा होतो आणि तंतू चुऱ्याला धरून बसतात. काही बाटल्यांना हल्ली गळ्यापासून पायापर्यंत चकचकीत झगा घालतात, तो झगा बाटलीबरोबरच बुडतो, मग त्यातला कुणाचा तुकडा कोणता हे त्याच्या आईलाही ओळखता येऊ नये. आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे लेबलामागचा गोंद. तो चुऱ्यावर राहिला की वितळताना करपतो, आणि पांढऱ्याशुभ्र मालात तपकिरी ठिपके पडतात. लेबल लावणाऱ्याला ते चिकटवण्याची काळजी असते. ते एक दिवस कुणाला तरी सोडवायचं आहे हे त्याच्या गावीही नसतं.

तर दोन महिन्यांपूर्वी धागेवाल्यांनी आमचा भरलेला ट्रक जसाच्या तसा परत पाठवला. चुरा चिकट, ठिपके फार, धागा तुटतो. मी पोत्यात हात घातला तो बाहेर आला चुऱ्याचा हातमोजा घालूनच. आमचे मालक कधी आवाज चढवत नाहीत (कारखान्यात त्यांना शांतीसाहेब म्हणतात, आणि सगळे त्यांना टरकून असतात). त्यांनी मला वर बोलावलं आणि अंगाई म्हणावी अशा सुरात सांगितलं, "मुकादम, पंधरा दिवस बघा. नाही जमलं तर धुलाई बंद करू. बाटल्यांचे नुसते गठ्ठे बांधून देऊ." ते इतकं गोड होतं की मी "हो, छान" म्हणून निघालो, आणि अर्धा जिना उतरल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला की धुलाई बंद म्हणजे त्या सोळा जणी घरी आणि सतरावा मी. जिन्यातच बसलो. घरी जाऊन कुणाला सांगायचं हा पहिला विचार आला, आणि दुसरा विचार काही आलाच नाही.

निवडणाऱ्या बायकांत एक आहे, तिला सगळे दुर्बीणबाई म्हणतात. पट्टा कितीही जोरात पळो, हिच्या नजरेतून काही सुटत नाही. मी तिला टाकीपाशी उभं केलं. तिसऱ्या दिवशी तिने चिमट्याने एक तुकडा उचलून माझ्यापुढे धरला. नारिंगी रंगाचं लेबल, तुकड्याला घट्ट मिठी मारून. "साहेब, बाकीची लेबलं रडत बाहेर येतात, हे बघा, हसत आलंय," ती म्हणाली. फळांच्या रसाची एक कंपनी आहे, तिची ही नवी बाटली होती. उन्हाळा असल्यामुळे लोक तो रस पाण्यासारखा पीत होते, आणि आमच्या टाकीत रोज हजारो नारिंगी चेहरे हसत होते.

पण नुसतं दुर्बीणबाईच्या नजरेवर कंपनी थोडीच ऐकणार? पुरावा हवा. प्रयोगासाठी टाकी थांबवायला मालक तयार होईनात, म्हणून रविवारी मी घरच्या गॅसवरच प्रयोगशाळा मांडली. धुण्याचा सोडा आणला, पाच जातींच्या बाटल्या कातरल्या आणि पातेलं चढवलं. (कुठलं पातेलं ते लिहीत नाही. आपल्या घरात मोठं पातेलं एकच आहे, आणि ते कुणाला माहेरून मिळालं होतं हे तुम्ही ऐकून असाल.) चार बाटल्यांची लेबलं पंधरा मिनिटांत सुटून, गोंद पाठीवर घेऊन, शहाण्यासारखी वर आली. पाचवीचं, म्हणजे त्या नारिंगीचं, लेबल अर्ध्या तासाने फाटलं, पण गोंद होता तिथेच राहिला, आणि मी तो सुरीने खरवडायला घेतल्यावर मात्र त्याला पाय फुटले. डाव, दिव्याचं बटण, माझं कोपर. कोपराला चिकटलेला पेपर सोडवायला गेलो तर पेपरमधल्या राशिभविष्याचा माझाच रकाना कायमचा कोपरावर राहिला. (प्रवासाचा योग होता.) सुरीने सोललेली कोरडी लेबलं मी मोजून स्टुलावर ठेवली होती. बारा होती. आवरताना अकरा भरली. मी दोनदा मोजली, मग नाद सोडला.

सोमवारी चिकटलेले कपडे कढत पाण्यात, साबण लावून, दोन वेळा धुतले. इस्त्री मी फक्त पुढच्या बाजूला करतो. मागची बाजू आपल्याला दिसत नाही, म्हणून ती आपली जबाबदारी नाही, असा माझा गेल्या अकरा महिन्यांचा नियम आहे. मंगळवारी तीच पँट घालून आणि चुऱ्याची पिशवी घेऊन मी रसवाल्यांच्या कचेरीत गेलो. दारातला पहारेकरी हसला. टेबलामागची मुलगी हसली. लिफ्टमध्ये माझ्या मागे उभे असलेले चौघे तर फारच आनंदी वाटले. मला वाटलं, चांगली माणसं आहेत, काम होणार.

बाटल्यांचं खातं सांभाळणाऱ्या मॅडम आमच्या कन्येच्या वयाच्या. शेजारी त्यांना गोंद पुरवणारा माणूस, गळ्यात टाय. मी ठिपके दाखवले, पातेल्याची हकीकत सांगितली. टायवाले म्हणाले, लेबल बर्फाच्या पाण्यात टिकावं लागतं, फ्रीजमध्ये टिकावं लागतं, गळून पडलं तर गिऱ्हाईक ओरडतं. हे खरंच आहे. पण मग ते म्हणाले, "आमचा गोंद कढत पाण्यात सुटतोच. तुमच्याकडे पाणीच नीट तापत नसेल." चौतीस वर्षं पाणी तापवणाऱ्या माणसाला असं म्हणावं? माझं डोकं फिरलं. मी ताडकन उठलो, पाठ फिरवली आणि खुर्चीमागची पिशवी उचलायला वाकलो.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"काका," मॅडम म्हणाल्या, "जरा तसेच थांबा."

जावईबापू, बारावं लेबल सापडलं. दोन संत्री, खाली पानं, आणि त्याखाली ठळक अक्षरांत: पिण्यापूर्वी चांगले हलवावे.

"ही पँट धुतलेली आहे?"

"दोनदा," मी वाकल्या वाकल्या म्हणालो.

"कशात?"

"कढत पाण्यात. साबण लावून. कालच."

मॅडमनी टायवाल्यांकडे पाहिलं. टायवाले छताकडे बघू लागले. "काढून दाखवा," मॅडम म्हणाल्या. चहासाठी किटली आली होती, तिच्यातलं गरम पाणी रुमालावर घेऊन तो भला माणूस माझ्या मागे गुडघे टेकून बसला आणि पाच मिनिटं खटपट करत राहिला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. (अशा वेळी कुठे बघायचं असतं हे मला कुणी शिकवलेलं नाही.) एक कोपरा सुटला, बाकीचं लेबल तसंच. "आमच्या रसापेक्षा आमचं लेबलच टिकाऊ निघालं," असं म्हणून मॅडम हसायला लागल्या, आणि मग डोळे टिपत त्यांनी विचारलं, "काका, घरातून निघताना कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

मी म्हणालो, घरी कोणी नसतं. एवढंच म्हणालो.

खरं सांगायचं तर, एकतीस वर्षं मी कामावर निघालो की तुमच्या सासूबाई दारात यायच्या आणि म्हणायच्या, "वळा." मी वळायचो. मग ती पाठीवरचा एखादा दोरा काढायची, कॉलर सरळ करायची, काहीच नसलं तर उगीच झटकायची. मी चिडायचो. कामाला उशीर होतो आणि हिला माझ्यात खोट काढायची असते, असं वाटायचं. माणसाला मागे डोळे नसतात, ते दुसऱ्या कुणाकडे असावे लागतात, हे मला त्या दिवशी परक्या कचेरीत, अर्धवट वाकलेल्या अवस्थेत कळलं. लोकांना कुठे कुठे काय काय कळतं.

असो. मॅडमनी तिथल्या तिथे गोंद बदलण्याचा शब्द दिला, आणि तो पाळला. थंड पाण्यात धरून ठेवणारा आणि सोड्याच्या कढत पाण्यात लेबलासकट निघून जाणारा दुसरा गोंद त्यांनी मागवला, लेबलाचा आकारही निम्मा केला, आणि नव्या बाटल्या घेऊन चौदाव्या दिवशी त्या स्वतः गमबूट घालून आमच्या टाकीपाशी उभ्या राहिल्या. टायवालेही आले होते (टाय खिशात ठेवून). यंत्र सुरू झालं. आधी काही दिसेना. मग एक नारिंगी ठिपका वर आला, मग दहा, मग सगळं पाणी नारिंगी झालं आणि खाली तळाशी स्वच्छ चुरा. मी मूठभर चुरा घेतला आणि हात उलटा केला. एक तुकडा हाताला राहिला नाही. सोळाही जणी पट्टा सोडून बघायला आल्या होत्या. दुर्बीणबाईने बराच वेळ पाण्यात पाहिलं आणि म्हणाली, "आता रडतायत." पुढच्या आठवड्यात धागेवाल्यांनी ट्रक ठेवून घेतला. मालक मृदू आवाजात म्हणाले, "चालू राहू द्या." झगेवाल्या बाटल्या अजून येतात, त्यांच्याशी आमचं भांडण चालूच आहे, पण धुलाई वाचली.

त्या संध्याकाळी मी जवळजवळ पळतच घरी आलो. कुलूप काढलं, चपला भिरकावल्या आणि दारातूनच ओरडलो, "अगं, जमलं!"

फ्रीज घुर्र करून गप्प झाला. मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. मग पाणी प्यायलो.

बाकी सर्व ठीक. तुमच्या घरी कुठल्याही बाटलीचं लेबल जड जात असेल तर निःसंकोच कळवावं, त्या बाबतीत आता माझा शब्द चालतो. कन्येला आशीर्वाद, जुळ्यांना एकेक पापा (आधी तोंड पुसून).

आपला,
धुलाई विभागाचा मुकादम, उर्फ सासरा

ता. क. — बाटल्यांशी संबंध नसलेली एक बाब सहज सुचली. तुमच्या सासूबाई तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या त्याला आता अकरा महिने आणि नऊ दिवस झाले. नातवंडांचा लळा मी समजू शकतो, आणि कन्येची नोकरीही. परंतु विहीणबाईंना हा लाभ अजून मिळालेला नाही, ही गोष्ट मला न्यायाला धरून वाटत नाही. त्यांच्या हक्कासाठी कुणीतरी बोललं पाहिजे. तीन-चार महिने त्या आल्या तर मला (विहीणबाईंच्या वतीने) अतिशय आनंद होईल.

दुसरा ता. क. — ही सूचना माझी आहे असं कुणाला कळू नये. तुम्हालाच सुचली असं दाखवा. पत्र वाचून फाडून टाका, सासूबाईंच्या हाती तर अजिबात पडू देऊ नका.

तिसरा ता. क. — पाकीट चिकटवणार तोच तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "अहो, एकटे कंटाळत असाल तर मी येऊ का?" आणि मी म्हणालो, "छे, छे! मी अगदी मजेत आहे. तू सावकाश ये." तोंडातून निघून गेलं, जावईबापू.  ती नुसतं "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. तेव्हा दुसरा ता. क. रद्द समजावा. पत्र फाडू नका. ते आज घरी घेऊन जा आणि तिच्याच हातात द्या.