डोळा आलेला नाही

११ फेब्रुवारी

आज गिऱ्हाईक खुर्चीतून उठून गेलं! एक भुवई कोरून झाली होती, दुसरी तशीच. दातात दोरा धरून वाकले, तर बाई किंचाळल्या, "अगं बाई, तुमचा डोळा आलाय!" पार्लरच्या मालकीणबाईंनी सरळ घरी धाडलं. उजवा डोळा लालबुंद. चिकटत नाही, पण आतून ठणकतोय.

१५ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचे थेंब संपत आले, फरक शून्य. उजेड सोसवत नाही. हे चहाचा कप दारात ठेवून पळतात — आणि वर विचारतात, "रागावलीस?"

१८ फेब्रुवारी

डावा डोळा झाकून पाहिलं. समोरच्या खिडक्या धुरकट. भुवईतला चुकार केस लांबून हेरणारी मी! डोळाच गेला तर — नको. लिहवत नाही.

१९ फेब्रुवारी

मोठ्या दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बराच वेळ डोळ्यात पाहिलं. मग भलतंच सुरू — सकाळी कंबर आखडते का? तोंड येतं का? म्हटलं, बाई, डोळा बघा की! पण कंबर आखडते खरी. दिवसभर वाकून काम, म्हणून कधी मनावर घेतलं नाही.

"डोळा आलेला नाही," त्या म्हणाल्या. "आत सूज आहे. बहुतेक तुमचं शरीरच तुमच्या डोळ्यावर उठलंय."

मग भांडायचं कोणाशी?

रक्त दिलं. छातीचे, कमरेचे फोटो काढले.

२६ फेब्रुवारी

रिपोर्ट आले. टीबी नाही. कमरेचे सांधेही सुजलेत — दोन्हीकडे दुखणं एकच. आणि ते कोणाला लागत नाही! ह्यांनी तिथेच माझा हात धरला. मला रडू फुटलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं, डोळ्यात घातलेलं औषध झोंबलं.

१७ मार्च

लाली गेली, धूर जात नाही. सूज मागच्या पडद्यापर्यंत पोचलीय. थेंब पुरणार नाहीत, आता गोळ्या. आठवड्यातून एकदाच. "उशीर नको. गेलेली नजर परत आणता येत नाही." आणि — "ह्या गोळ्यांवर दिवस राहता कामा नयेत. पहिली घेण्याआधी घरी तपासून घ्या."

ह्यांनी मान खाली घातली. मी हसले. आम्ही तो विषय कधीच मिटवलाय. कपाटातले इवलेसे मोजेसुद्धा देऊन टाकले.

१८ मार्च

सांगितलं होतं, म्हणून तपासलं.

दोन रेघा.

उजव्या डोळ्याचा भरवसा नाही. तो झाकून पुन्हा पाहिलं. दोनच.

हे बाहेरून विचारतायत, "घेतलीस का गं गोळी?"