ब्रुसेल्सातलं अधिकाचं वाण

ब्रुसेल्स,
निज श्रावण शुद्ध प्रतिपदा, सकाळ

ती. थोरल्या बाईंना, धाकटी जाऊ द्वारका हिचा इथूनच डोकं टेकून नमस्कार.

आम्ही दोघं, वृषाली आणि जावई खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? पाचोडच्या बाजाराला पायी जाऊ नका, पिशव्या उचलायला दादा आहेत. संभाजीनगरहून निघताना जावयाच्या वाणासाठी तुम्ही अनारशांचा जो डबा दिलात, तो सुखरूप पोचला. साधा पोचासुद्धा आला नाही. आतल्या जिनसांचं ओघात येईलच.

काल अधिकाचा शेवटचा दिवस. त्यात वृषालीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक, म्हणजे चुकला तर पुढं तीन वर्षं चुटपुट. संध्याकाळी जावई कामावरून आले की तेहतीस अनारसे ताम्हनात, वर तुपाचा दिवा, असं ठरवून मी आंघोळ करून स्वयंपाकघरात गेले. डबा ओट्यावर पालथा, धुऊन निथळत ठेवलेला. (भांड्यांना मशीन आहे, पण माहेरचा डबा म्हणून पोरीनं हातानं घासला होता.) म्हणाली, "आई, परवाच ऑफिसात नेले. मिनिटात संपले बघ." वाण आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं, ही माझी चूक. पण एवढ्या लांब मोजून आणलेला डबा ऑफिसचा खाऊ नसतो, हे काय सांगायचं असतं? मी थोडं बोलले. थोडं म्हणजे चहा गार होईपर्यंत. ती रडली. हे म्हणाले, "शहर बघायला निघतोयच, वाटेत मिळेल काहीतरी जाळीदार." यांना काय, जाळीचा बनियनसुद्धा चालला असता. मला जाळी, तेहतीस आणि अखंड, तिन्ही सांभाळायचं होतं.

आधी इथला मोठा चौक पाहिला. चहूकडं उंच दगडी इमारती, त्यांवर सोनेरी मुलामा. डोळ्याचं पारणं फिटावं असंच आहे, पण माझे डोळे तिथंही खिडक्यांच्या जाळ्या मोजत होते. पुढं एका कोपऱ्यावर ही गर्दी. घुसून बघते तर दोन-अडीच वितीचं उघडं पोर लघवी करत उभं, धातूचं, आणि जगभरची माणसं त्याचे फोटो काढतायत. मी तोंड फिरवलं. वृषाली म्हणाली, याला सणावाराला अंगडं-टोपडं घालतात, हजारावर पोशाख आहेत. मग मात्र परत वळून नीट पाहिलं. ज्याला पोशाख करतात त्याला नावं कशी ठेवावीत? (आमच्या गल्लीत आठव्या दिवशी नळ येतो. हे पोर दिवसभर पाणी सोडतंय हे बघून यांचा जीव कासावीस झाला. तोटी सापडते का म्हणून मागच्या बाजूला जाऊन आले.)

भूक लागली तसे कागदाच्या सुरळीतले तळलेले बटाटे घेतले. पहिला तोंडाशी नेला तोच वृषालीनं हात धरला. इथं पुष्कळ ठिकाणी ते गाईच्या चरबीत तळतात म्हणे. घेताना का बोलली नाही, तर म्हणे विसरले. यांच्या हातातली सुरळी सोडवताना बरीच ओढाताण झाली. मग कडक कवचाचा पाव, लोणी आणि टपोऱ्या स्ट्रॉबेऱ्या. बाई, ते लोणी तुमच्या लोण्याच्या जवळपास जातं, एवढंच लिहिते.

स्ट्रॉबेऱ्यांची देठं टाकायला जागा शोधत होते, तेव्हा दिसली. जाळी. एका दुकानात लोखंडी साच्यातून चौकोनी, खमंग, खणाखणांची जाळी पडलेलं पक्वान्न निघत होतं. त्याला वॅफल म्हणतात. जवळ गेले तर अंड्याचा वास. दुकानदार दाढीवाला, चाळिशीचा. माझ्या तोंडून आपल्या शहागंजच्या बाजारातली हिंदीच निघाली, "भाईसाब, अंडा नक्को." तो थबकला. "खाला, कहाँ के?" म्हटलं औरंगाबादच्या. "हौ? मैं हैदराबाद का, गयास नाम है. नक्को बोले तो नक्को."

मी सगळं सांगितलं. जावयाचं देणं म्हटल्यावर तो गंभीर झाला, त्यालाही दोन मुली आहेत. साचा घासूनपुसून घेतला, वेगळ्या भांड्यात पीठ कालवलं. अंड्याऐवजी केळं कुस्करून घाला, हे मी सुचवलं. एवढे मोठे तेहतीस खाणार कोण? हे म्हणाले, आठांचे चार-चार तुकडे करा, वर एक छोटं. म्हटलं, वाण खंडित चालत नाही. मग गयासभाईनं साच्याच्या मधोमध चमचा-चमचा पीठ ओतून छोटी छोटी काढली. तासभर रांग खोळंबली. एका गोऱ्या बाईनं विचारलं, तर तिला म्हणाला, "सास का ऑर्डर है." तिला काय कळलं कोण जाणे, पण मान डोलावून थांबली.

संध्याकाळी दिवा लावून ताम्हन पुढं केलं. जावई म्हणाले, "आई, हे तर वॅफल." म्हटलं, इथले अनारसे. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि बसल्या बैठकीला अकरा संपवले. वृषाली तेव्हा कुठं हसली.

दादांना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
द्वारका

ता. क. वृषालीच्या ऑफिसातल्या बायका तुमच्या अनारशांची कृती मागतायत. मी तीस वर्षं पाचोडला येते, आणि तुम्ही पीठ मळायला घेतलंत की मला काहीतरी आणायला बाजारात धाडता. यंदा लिहून पाठवावी.

ता. क. दुसरा. ऑफिसात बत्तीसच पोचले, असं पोरगी म्हणते. तुम्ही तेहतीस मोजून दिले होते आणि ती खोटं बोलत नाही. विमानातल्या जेवणाला अंड्याचा वास होता, हे घोरत होते आणि डबा मांडीवर होता. तुमचे अनारसे नेहमी मोजून जावयांकडं जातात, जावेच्या वाट्याला अख्खा कधी आला नाही. एकाच्या जागी बत्तासा ठेवून भागवणार होते. पोरीला हे अजून सांगितलेलं नाही, कालपासून ती माझ्यापुढं खाली मान घालून वावरतेय. तुम्हीही फोनवर बोलू नका. कृती आली की तेवढा तेहतिसावा मी स्वतः करून पाचोडला आणून देईन.